टँगोसाठी सुंदरलँड, मिलोंगासाठी एल बेसो: ब्युनोस आयर्सच्या तीन हॉलचं परीक्षण

ब्युनोस आयर्समधल्या नाचाच्या हॉलबद्दल पुष्कळ लिहिलं जातं. टेबल कुठे मिळतं, वाईन कशी आहे, कुठल्या वारी कोणती नावाजलेली जोडी दिसते. नाचणाऱ्याच्या पायाला तिथे काय मिळतं, हे मात्र शोधावं लागतं. पुण्या-मुंबईहून एवढा लांबचा प्रवास करून जाणाऱ्याच्या हाताशी फार तर दहा-पंधरा रात्री असतात, आणि त्यातली एखादी चुकीच्या हॉलमध्ये गेली की गेलीच. म्हणून इथे तीनच हॉल घेतले आहेत: सालोन कानिंग, क्लुब सुंदरलँड आणि एल बेसो. तिन्हींना एकच प्रश्न विचारला आहे. टँगो संपून मिलोंगा वाजू लागला की ही जागा तुम्हाला साथ देते का?

आधी शब्दांचा घोळ मिटवू. रात्रीच्या नाचाच्या कार्यक्रमालाही तिथे मिलोंगाच म्हणतात, आणि त्या कार्यक्रमात वाजणाऱ्या एका संगीतप्रकाराला व त्यावरच्या नाचालाही मिलोंगाच. इथे मिलोंगा म्हणजे नाच. कार्यक्रमाला आपण सरळ कार्यक्रम म्हणू.

कार्यक्रमाचा क्रम बहुतेक ठिकाणी ठरलेला असतो. चार टँगोंचा एक तांदा, म्हणजे लागोपाठ वाजणाऱ्या गाण्यांचा संच, मग कोर्तिना, म्हणजे मिनिटभर वाजणारं भलतंच संगीत, ज्यावर सगळे आपापल्या खुर्चीकडे परततात. टँगोचे दोन तांदे, एक व्हाल्सचा (तीन मात्रांच्या टँगो-वॉल्ट्झचा), पुन्हा टँगोचे दोन, मग मिलोंगाचा एक. हिशेब केला तर मिलोंगाची पाळी तासा-सव्वातासाने येते. तीन गाणी, जेमतेम आठ मिनिटं. रात्रभरात तीन-चार वेळा. पण या आठ मिनिटांत जमीन, गर्दी आणि बूट यांचे सगळे गुणदोष उघडे पडतात, कारण टँगोत चूक झाली तर थांबून सावरता येतं आणि मिलोंगात थांबायला जागाच नसते.

मिलोंगा म्हणजे वेग वाढवलेला टँगो, हा समज आकड्यांत तपासून पाहावा. चालीच्या टँगोत मिनिटाला साधारण ६० ते ६६ पावलं पडतात, म्हणजे एका पावलाला जवळजवळ एक सेकंद. मिलोंगात ती ९० ते ११० पडतात. शंभर धरली तर एका पावलाला ०.६ सेकंद, आणि दुगुन केली तर ०.३. आता टँगोतला साधा ओचो, म्हणजे पायांनी आठचा आकडा काढत केलेली चाल घ्या. लीडर नाच पुढे नेतो आणि फॉलोअर, म्हणजे त्याच्या इशाऱ्यावर चालणारी जोडीदार, पाऊल टाकते, त्यावर पूर्ण वजन घेते, कंबर वळवते, मोकळा पाय जवळ गोळा करते आणि मग पुढचं पाऊल टाकते. एका सेकंदात हे सगळं सुखाने मावतं. ०.६ सेकंदात कोंबायला गेलं की शेवटचा भाग गळतो, पाय गोळाच होत नाहीत. पुढचं पाऊल फाकलेल्या पायांतून निघतं, तोल बाहेर जातो, तो सावरायला फॉलोअर लीडरच्या खांद्यावर भार टाकते आणि लीडर टाचांवर मागे रेलतो. तिसऱ्या गाण्याला खांदे भरून येतात ते यामुळे. जाणते लोक मिलोंगात ओचो भरभर करत नाहीत. ते त्यातली गिरकीच काढून टाकतात. छाती समोरासमोर ठेवायची, फॉलोअरने मागचं पाऊल किंचित तिरकं टाकायचं, वळायचं नाही. टँगोतून काहीतरी वजा केलं की मिलोंगा हाती लागतो, आणि हॉलची परीक्षाही याच निकषावर करायची आहे: ही जागा वजा करायला शिकवते, की वजा न करता निभावून न्यायची सवय लावते?

सालोन कानिंग आधी घेऊ, कारण बहुतेकांची पहिली रात्र तिथेच जाते. पालेर्मो भागात, स्कालाब्रिनी ओर्तिस रस्त्यावर १३३१ क्रमांकाला हा हॉल आहे. या रस्त्याचंच जुनं नाव कानिंग. लांबट मार्गिकेतून आत गेलं की ऐसपैस नाचाची जागा, चारी बाजूंनी टेबलं, समोरच्या भिंतीवर मोठं चित्र. जमीन लाकडी पार्केटची, आणि ती खरंच सुरेख आहे. चामड्याच्या तळव्याचा बूट त्यावर लोण्यासारखा फिरतो. टँगोतल्या गिरक्या, सलग ओचो, फॉलोअरने लीडरभोवती घेतलेली फेरी, सगळं इथे कमी श्रमात होतं. टँगोच्या जमिनीला आम्ही पाचपैकी चार देऊ.

मिलोंगाला मात्र हीच जमीन दगा देते, आणि त्याचं कारण सोपं आहे. टँगोत पाय जमिनीवरून सरकत सरकत जागेवर पोचतो. मिलोंगात तो थेट ठेवायचा असतो, कारण सरकायला वेळच नसतो. गुळगुळीत पार्केटवर सरकायची सवय लागलेला पाय मिलोंगातही सरकतो आणि ठरवल्यापेक्षा चार बोटं पुढे जाऊन थांबतो. तेवढ्याने परत यायला उशीर होतो. एकदा उशीर झाला की पुढचं प्रत्येक पाऊल उशिरा पडतं, आणि लीडर मग घाईने ताल पकडायला धावतो. कानिंगमध्ये मिलोंगा वाजत असताना जमिनीकडे पाहत बसा. पाच-सहा जोडपी तरी सतत अर्ध्या पावलाने मागे असलेली दिसतील, आणि त्यांचं टँगोतलं तंत्र उत्तम असेल. उपाय बुटात आहे. कानिंगला जाताना गुळगुळीत चामड्याऐवजी स्वेडच्या, म्हणजे लव असलेल्या चामड्याच्या तळव्याचा जोड घ्या, आणि मिलोंगाच्या आधी तळव्यावरून तारेचा ब्रश दोनदा उलटा फिरवा. लव उभी राहिली की पकड येते.

दुसरी अडचण गर्दीची. इथे बऱ्याचदा जिवंत वाद्यवृंद किंवा जोडीचं प्रात्यक्षिक असतं आणि ते रात्री उशिरा होतं. त्याआधीचा तास सर्वात दाटीचा. पाहुणे प्रात्यक्षिक पाहून निघतात, मग जागा मोकळी होते. मिलोंगा नाचायचा असेल तर प्रात्यक्षिकानंतरचा तांदा धरा. टेबलं मित्रमंडळींची, त्यात अंतर जास्त आणि उजेड बेताचा, त्यामुळे काबेसेओ, म्हणजे बसल्या जागेवरून नजर भिडवून मानेने होकार देणं, लांबून नीट जमत नाही. अनोळखी माणसाने उठून बारपाशी उभं राहावं, तिथून नजरा मिळतात. मिलोंगासाठी कानिंगला पाचपैकी अडीच.

आता ताल. हे कळलं नाही तर पुढच्या दोन हॉलबद्दल सांगण्यात अर्थ नाही. मिलोंगाचं एक आवर्तन आठ मात्रांचं धरा. खालच्या सुरांचा, म्हणजे बास आणि पियानोच्या डाव्या हाताचा आघात १, ४, ५ आणि ७ या मात्रांवर पडतो. मांडीवर वाजवून पाहा: एक, मग दोन रिकाम्या, चार आणि पाच लागोपाठ, सहावी रिकामी, सात, आठवी रिकामी, आणि पुन्हा सम. हाच हबानेरा या क्यूबन नाचाचा ठेका. साधं पाऊल १ वर आणि ५ वर. असं पावलाला पाऊल लावून, दुगुन न करता नाचलं की तो मिलोंगा लिसा, म्हणजे सपाट, साधा. दुगुन घेऊन, अडखळल्यासारखं करून नाचलं की त्रास्पिए. त्या शब्दाचा अर्थच ठेच लागणं, अडखळणं.

नवा माणूस दुगुन १-३-५ अशी करतो. समेचा आघात ऐकू आला की त्याचा पाय सुटतो. पण ३ वर खालचं वाद्य गप्प आहे. पाऊल लयीत असूनही पोकळीत पडतं, फॉलोअरला त्याचा आधार ऐकू येत नाही आणि ती अंदाजाने चालू लागते. हीच दुगुन ५-७-१ अशी घ्या. तिन्ही पावलांखाली आघात आहे आणि तिसरं पाऊल समेवर उतरतं. मुखडा घेऊन समेवर यायची सवय असलेल्या मराठी कानाला हे एकदा ऐकलं की पुन्हा सांगावं लागत नाही. ढोलकीच्या साथीवर वाढलेल्या माणसाला इथे फायदा आहे, तो त्याने जरूर घ्यावा.

कोणता वाद्यवृंद वाजतोय त्यावर लिसा की त्रास्पिए हे ठरवा. फ्रान्सिस्को कानारोच्या मिलोंगांत ठेका स्वच्छ ऐकू येतो, लयही बेताची, त्यामुळे ५-७-१ शिकायला तेच बरे. हुआन दारिएंसोच्या १९३७ च्या ‘ला पुन्यालादा’त वाद्यवृंद सरळ आणि जोरकस धावतो. तिथे दुगुन जितकी कमी तितकं बरं, लिसाच शोभतो. कार्लोस दी सार्लीच्या १९४१ च्या ‘ला मुलातेआदा’त तालाला झोका आहे आणि गायकाच्या ओळी लांब. तिथे ओळीच्या शेवटी एखादाच त्रास्पिए घ्यावा. शहरी मिलोंगा तसा फार जुना नाही. सेबास्तियान पियाना यांचं संगीत आणि ओमेरो मान्सी यांचे शब्द असलेला ‘मिलोंगा सेंतिमेंताल’ १९३१ चा. त्याआधीचा मिलोंगा गिटारवर गायचा, संथ, पम्पाच्या मैदानातला. एखाद्या कार्यक्रमात तसं संथ गाणं लागलंच तर त्यावर त्रास्पिए करू नका. फार हास्यास्पद दिसतं.

क्लुब सुंदरलँड शहराच्या मध्यापासून दूर, विल्या उर्किसा या वस्तीत, लुगोनेस रस्त्यावर ३१६१ क्रमांकाला. हा मुळात वस्तीतला क्रीडा क्लब. शनिवारी रात्री बास्केटबॉलचं मैदान नाचाचं होतं. झगझगीत उजेड, कडेला टेबलांवर घरची मंडळी जेवत बसलेली, मध्ये कडक फरशीचं मोठं मैदान. पहिल्यांदा येणाऱ्याला वाटतं की पत्ता चुकला. पत्ता बरोबर असतो. टँगो सालोनच्या ज्या ढंगाला विल्या उर्किसाचं नाव मिळालं, लांब पावलं, जमिनीला धरून चालणं, शांत खांदे, मधूनच पूर्ण थांबणं, तो अशाच मोठ्या जागांमध्ये वाढला. इथे रोंदा, म्हणजे घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरणारी नाचणाऱ्यांची रांग, शिस्तीत चालते. बाहेरची रांग चांगल्या चालणाऱ्यांची. मागच्याला अडवायचं नाही, पुढच्याला गाठायचं नाही, आणि रांग बदलणाऱ्याकडे सगळ्या टेबलांची नजर जाते. टँगोसाठी याहून चांगली शाळा शहरात नाही. पाचपैकी पाच.

मिलोंगाचं गणित इथे बिघडतं ते जागेमुळे. मोकळी जागा दिसली की लीडरचं पाऊल टँगोएवढंच राहतं, अडीच-तीन विती. ६० सेंटिमीटर धरा. मिनिटाला शंभर पावलं म्हणजे ६० मीटर. नाचता नाचता ते नाच न राहता चालण्याची शर्यत होते. दुसऱ्या गाण्याला दम लागतो, दम लागला की छात्या वेगळ्या होतात, आणि छात्या वेगळ्या झाल्या की मिलोंगातला सगळा निरोपच तुटतो, कारण तो हातांतून जात नाही. इथले मुरलेले लोक काय करतात ते पाहा. टँगोतलं त्यांचं पाऊल तीन विती असेल तर मिलोंगात ते दीड वितीवर येतं. रांगेत पुढे मोकळी जागा पडली तरी पडू देतात. आणि ते लिसा नाचतात. दुगुन फार तर वळणावर, मैदानाच्या कोपऱ्यात, जिथे तसंही पुढे जाणं मंदावतं.

सुंदरलँडची फरशी एक गोष्ट मात्र उत्तम शिकवते, ती म्हणजे गुडघा. लाकडी जमीन थोडी दबते, फरशी अजिबात दबत नाही. प्रत्येक पावलाचा धक्का परत वर येतो. टँगोत आधाराचा पाय पावलाच्या मध्यावर जवळजवळ सरळ होतो, म्हणून चाल उंच आणि लांब दिसते. मिलोंगात गुडघा पूर्ण सरळ करायचाच नाही. दोन्ही गुडघे सतत सैल, टाचा जमिनीपासून कागद सरकेल इतक्याच वर, आणि वजन पावलाच्या पुढच्या भागावर. गुडघे सैल म्हणजे उड्या मारणं नव्हे. वाक कायम ठेवायचा, कमीजास्त करायचा नाही. डोकं वरखाली होत असेल तर गुडघा धक्का गिळत नाही, उलट उसळी देतो. घरी तपासायची सोपी रीत: पाण्याने काठोकाठ भरलेला पेला दोन्ही हातांनी छातीशी धरा आणि ५-७-१ असं जागच्या जागी वजन बदला. पाणी सांडलं तर चूक गुडघ्यात आहे. आपल्याकडच्या व्हिट्रिफाइड फरशीवर हा सराव करता येतो, ती सुंदरलँडइतकीच कडक असते. एका वेळी दहा मिनिटांपेक्षा जास्त नको, नाहीतर नडग्या दुखतील.

इथे टेबल आधी सांगून ठेवावं लागतं, गर्दी अकरानंतर जमते, आणि परतताना टॅक्सीची सोय हवी. बरेच लोक आपल्या जोडीदाराबरोबरच नाचतात, त्यामुळे एकट्या पाहुण्याला रात्रभरात मोजकेच तांदे मिळतील. जोडीने जा. मिलोंगाला पाचपैकी तीन, आणि त्यातला एक पूर्ण गुण गुडघ्यासाठी.

एल बेसो. कोरिएंतेस रस्त्याजवळ, रिओबांबा ४१६, जिना चढून वर. ही जागा लहान आहे आणि तेच तिचं भाग्य. इथली मिठी बंद असते. छातीला छाती, फॉलोअरचा डावा हात लीडरच्या खांद्यांवरून पाठीपर्यंत गेलेला. गर्दी झाली की एका जोडप्याच्या वाट्याला दोन-तीन फरशांएवढी जागा येते. टँगोत इथे सुंदरलँडची लांब चाल विसरावी लागते. तरीही मिठीतला, मिलोंगेरो ढंगाचा टँगो इथे फार सुंदर होतो, त्याला चार. पण मिलोंगाचा तांदा लागला की या जागेचा खरा उपयोग कळतो. पाऊल एका वितीपेक्षा मोठं टाकताच येत नाही, गिरकीला जागा नसते, आणि थांबलात तर मागचं जोडपं पाठीवर येतं. वर सांगितलेल्या सगळ्या वजाबाक्या ही खोली स्वतःच करून देते.

एका वितीत काय करायचं? पायाशी बाल्दोसा ठेवा. बाल्दोसा म्हणजे फरशी, आणि हा सहा पावलांचा चौकोन तेवढ्यातच मावतो. लीडरचा डावा पुढे, उजवा बाजूला, डावा जवळ. उजवा मागे, डावा बाजूला, उजवा जवळ. फॉलोअरची पावलं आरशातल्यासारखी उलट. सहाही पावलं १ आणि ५ वर, म्हणजे तीन आवर्तनांत चौकोन पुरा. यातलं चौथं पाऊल, लीडरचं मागे जाणारं, रोंदाच्या उलट दिशेला जातं आणि एल बेसोत नेमकं तेच मागच्याच्या पायावर पडतं. ते पाऊल अर्ध्या वितीचं करा किंवा उजवा पाय जागच्या जागी ठेवून फक्त वजन बदला. बाकी चौकोन तसाच राहतो, फॉलोअरला फरक जाणवतही नाही. प्रत्येक पुनरावृत्तीत छाती डावीकडे थोडी वळवत गेलं की चौकोन फिरत फिरत रांगेबरोबर पुढे सरकतो.

चौकोन पक्का झाला की त्रास्पिए त्यात बसवायचा. बाजूचा त्रास्पिए सर्वात कामाचा, म्हणून तो नीट पाहू. १ वर लीडर उजव्या पायावर पूर्ण उभा आहे. ५ वर डावा पाय डावीकडे जातो, एक वीत, आणि त्यावर अर्धंच वजन येतं. बेंबी अजून उजव्या पायाच्या बाजूलाच आहे, हे महत्त्वाचं. ७ वर उजव्या पायावर परत, पाय न हलवता. १ वर डावा पाय पुन्हा निघतो, आता पुढे, आणि या वेळी त्यावर पूर्ण वजन. पावलं तीन, पण शरीर खऱ्या अर्थाने एकदाच हललं. चूक होते ती ५ वर. लीडर तिथे पूर्ण वजन टाकतो. पूर्ण गेलेलं शरीर ०.३ सेकंदात परत आणायला खांदे झटकावे लागतात, तो झटका फॉलोअरच्या पाठीत बसतो, आणि तरीही १ ची सम हुकतेच. दुसरी चूक हाताची. पाय वेळेवर येत नाही म्हणून लीडर डावा हात हापशाच्या दांड्यासारखा वरखाली करून ताल दाखवतो. त्याने फॉलोअरचा उजवा खांदा हलतो, पाय नाही. मिलोंगात तो हात टँगोपेक्षा किंचित खाली घ्या, कोपर सैल सोडा आणि मग विसरून जा. निरोप छातीतून जातो, तोही फार लहान. ५ वर छाती दोन बोटं डावीकडे गेली आणि ७ वर परत आली की पुरे.

फॉलोअरच्या चुका वेगळ्या. पहिली, पुढच्या पावलाचा अंदाज बांधणं. दोनदा त्रास्पिए झाला की तिसऱ्यांदा ती स्वतःच परत फिरते, आणि लीडरला तेव्हा सरळ जायचं असतं. दुसरी, डाव्या हाताने लीडरच्या मानेवर लोंबकळणं. टँगोत ते खपून जातं, मिलोंगात लीडरचं परत येणं तेवढ्याने मंदावतं. तिसरी, पायाची नक्षी. टँगोत लीडर थांबला की मोकळ्या पायाने जमिनीवर वर्तुळ काढायला सवड असते. मिलोंगात तसा रिकामा क्षण नाही. हौस असेल तर ७ वरचं वजन घेताना टाचेचा हलका टिपका द्या, त्यापुढे काही नको. ठेंगण्या, गोलमटोल अंगाच्या पेपीतो अवेयानेदा यांचं मिलोंगातलं नाव आजही आदराने घेतलं जातं. त्यांच्या चित्रफिती पाहाव्यात त्या पायांसाठी तर खऱ्याच, पण आधी कमरेच्या वरच्या भागासाठी. पाय एवढं काही करत असताना छाती कशी शांत राहते ते तिथे दिसतं.

एल बेसोत पुढची पायरी म्हणजे ओचो कोर्तादो, कापलेला ओचो. फॉलोअर १ वर उजव्या पायाने लीडरच्या बाजूने पुढे येते, ५ वर डावा पाय बाजूला अर्ध्या वजनाने, ७ वर उजव्यावर परत, आणि १ वर डावा पाय उजव्यापुढे येऊन क्रॉस. नीट पाहिलं तर हा बाजूचाच त्रास्पिए आहे, शेवटी क्रॉस जोडलेला. टँगोतही हा करतात, पण तिथे क्रॉसवर थांबून श्वास घेता येतो. मिलोंगात क्रॉस ही सम आहे, ५ वर लगेच निघायचं. लीडरने ५ वर छाती फार वळवली तर फॉलोअरला पूर्ण गिरकी घ्यावीशी वाटते आणि सगळं विस्कटतं. वळण फार तर एक अष्टमांश वर्तुळाचं.

जागा लहान असल्याने समोरासमोरच्या खुर्च्या जवळ आहेत, काबेसेओ चष्मा लावणाऱ्यालाही सहज जमतो. मिलोंगाच्या वेळी एक पथ्य पाळा: पहिल्या गाण्याचे सुरुवातीचे सूर ऐकून वाद्यवृंद ओळखल्याशिवाय मान हलवू नका. दारिएंसो लागला आणि पाय थकलेले असतील तर बसून राहण्यात कमीपणा नाही. इथे दर वारी आयोजक वेगळा असतो, त्यामुळे संगीत आणि माणसंही बदलतात. जाण्याआधी त्या दिवशीचा कार्यक्रम पाहून घ्या. उन्हाळ्यात, म्हणजे आपल्या डिसेंबर-जानेवारीत, गर्दीच्या रात्री आत उकडतं. दुसरा सदरा आणि लहान टॉवेल बरोबर असू द्या. मिठी बंद असते, ओल्या सदऱ्याने ती कोणाला द्यायची? मिलोंगासाठी पाचपैकी पाच.

बुटांबद्दल थोडं. टँगोसाठी बायका ७ ते ९ सेंटिमीटरची टाच घालतात. मिलोंगा जास्त नाचायचा असेल तर ६ ते ७ पुरे, कारण उंच टाचेवर गुडघा सैल ठेवणं अवघड जातं आणि वजन बोटांवर कोंबलं जातं. पुरुषांची टाच अडीच सेंटिमीटरच्या आसपास ठीक. तळवा सुंदरलँडला चामड्याचा, कानिंगला स्वेडचा, एल बेसोला कोणताही चालेल कारण तिथे फिरायचंच नाही. बारांकास दे बेलग्रानोच्या बागेत ला ग्लोरिएता नावाचा वाद्यमंडप आहे. संध्याकाळी तिथे उघड्यावर नाच चालतो आणि टोपी फिरवून पैसे गोळा करतात. सरावाला छान, पण स्वेडची लव तिथे एका संध्याकाळीत संपते. जुने जोडच घाला.

एल बेसोच्या पहिल्या मिलोंगाच्या तांद्यात काय नाचायचं, तेही सांगून ठेवतो. पहिलं गाणं पूर्ण लिसा, फक्त १ आणि ५, चौकोन आणि वजन बदलणं. दुसऱ्यात ओळीच्या शेवटी एक त्रास्पिए, नेहमी त्याच बाजूला, म्हणजे जोडीदाराला तो ओळखू येईल. तिसऱ्यात ती साथ देत असेल तर दोन ओचो कोर्तादो. पहिल्याच गाण्यात ताल सुटला तर तिन्ही गाणी लिसाच नाचा. कडेच्या टेबलांवरची साठी-सत्तरीची मंडळी उठली की पाहा, त्यांच्यातले बरेचजण अख्खा तांदा तसाच नाचतात.